वसंतदादा पाटील : एका शेतकऱ्याचे राजकारण

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणाऱ्या मनुष्यास शेतकरी पाहावयाचा झाल्यास वेशीबाहेर जावे लागत नसे. पेठेतील कित्येक घरांत पुढील सोप्यात माणसे व मागील बाजूस म्हशी अशी वाटणी असे. पहाटे धारा काढावयाच्या, दिवस उजाडता रंकाळ्यापलीकडील अथवा पंचगंगेकाठच्या रानाची वाट धरावयाची, ऊन कलल्यावर तालमीच्या कट्ट्यावर बसून जगाच्या राजकारणाचा निकाल लावावयाचा आणि निवडणुकीचे दिवस असले तर रात्री गांधी मैदानावर व्याख्यान ऐकावयास जावयाचे, असा तेथील शेतकऱ्याचा दिनक्रम आम्ही पाहिला आहे. हे गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ तळे. तळ्यातील पाणी गेले आणि त्या जागी सभा भरू लागल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सौदा नफ्याचा की तोट्याचा, याचा निर्णय आमच्या पेठेने अद्याप केलेला नाही.

वसंतदादा पाटील हे नाव त्या मैदानावर आमच्या कानी प्रथम पडले ते स्तुतीच्या स्वरात नव्हे. कोल्हापूर हे पुष्कळ वर्षे शेतकरी कामगार पक्षाचे ठाणे होते. काँग्रेसचा पुढारी, त्यातून तो साखर कारखान्याचा, त्यातून शेजारच्या सांगलीचा, एवढे तीन दोष एका माणसाच्या ठायी एकवटल्यावर वक्त्यास दुसरे भांडवल लागत नसे. १९८५ च्या निवडणुकीत वसंतदादा मुख्यमंत्री असताना कोल्हापूर शहराने शेतकरी कामगार पक्षाच्या एन. डी. पाटलांस विधानसभेत पाठविले, यावरूनच आमच्याकडील वारा कोणत्या दिशेचा होता ते ध्यानी यावे. अशा वाऱ्यात वाढलेल्या माणसाने त्या पुरुषाविषयी लिहावयास बसावे हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्याकडे शेतकरी पुढाऱ्यांची चरित्रे दोनच प्रकारे लिहिली जातात. एक, साठीच्या वा पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथांत, जेथे चरित्रनायकाने पाळण्यातच लोकसेवेस प्रारंभ केलेला असतो. आणि दुसरा प्रकार म्हणजे ‘साखरसम्राट’ हा एकच शब्द उच्चारून प्रकरण मिटविणे. पहिल्याने माणूस दिसत नाही व दुसऱ्याने काळ दिसत नाही. एक शेतकरी राजकारणात शिरतो तेव्हा रानातून तो आपल्याबरोबर काय घेऊन येतो, आणि त्यातील काय त्यास उपयोगी पडते व काय आड येते, हे पाहावयाचे असेल तर वसंतदादांइतके स्पष्ट उदाहरण या कृष्णाखोऱ्यात दुसरे आम्हांस दिसत नाही.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. गाव पद्माळे, सांगलीच्या अगदी जवळचे, कृष्णेकाठचे. पहिले वर्ष पुरते होते न होते तोच साथीत आई व वडील दोघेही गेले आणि आजीने या मुलास वाढविले. मराठी सातवीच्या पलीकडे शाळा झाली नाही. ज्या पिढीचे पुढारी बहुधा वकील असत, इंग्रजीत अर्ज लिहीत व इंग्रजीतच तुरुंगाच्या आठवणी काढीत, त्या पिढीत या मनुष्याजवळ दाखविण्यासारखी पदवी नव्हती. होती ती जमीन, व तीही कोणी जमीनदार म्हणावे एवढी नव्हे. पुढे राज्याच्या सर्वोच्च आसनावर बसल्यावरही त्यांच्या बोलण्याची ढब पद्माळ्याचीच राहिली. शहरी वृत्तपत्रांनी त्यावर पुष्कळ विनोद केले. त्या विनोदांत विद्वत्तेपेक्षा जातिवंत शिष्टपणा अधिक होता, हे आज निर्भयपणे म्हणावयास हरकत नसावी.

१९४२ साली कृष्णेच्या दोन्ही काठांवर जे घडले ते महाराष्ट्राच्या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण आहे. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले शेतकरी, यांच्या नावाने साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. तुफान सेना निघाली, गावोगावी न्यायदान मंडळे बसली. कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी ही त्याच मातीतील माणसे. वसंतदादाही भूमिगत होते. परंतु त्यांचा गट सांगलीच्या बाजूचा व त्यांची रीत निराळी. तारा तोडणे, टपालाच्या व रेल्वेच्या व्यवस्थेत अडथळा आणणे, शस्त्रे जमविणे या कामांत ते होते. १९४३ च्या पावसाळ्याच्या तोंडी ते पकडले गेले आणि सांगली संस्थानच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

हा तुरुंग गणेशदुर्गात, म्हणजे सांगलीच्या भुईकोटात. भोवती तट, तटाभोवती खंदक. २४ जुलै १९४३ रोजी, भर दिवसा, वसंतदादा व त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांस आवरले, त्यांच्या बंदुका काढून घेतल्या, तटावर चढून खंदकात उड्या टाकल्या व कृष्णेची दिशा धरली. जुलैचा महिना, नदी कोणत्या रूपात असते हे त्या काठच्या माणसास सांगावयास नको. मागे संस्थानचे शिपाई, पुढे पाणी. त्या धावपळीत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोघे प्राणांस मुकले. वसंतदादांच्या खांद्यात गोळी शिरली व ते पुन्हा पकडले गेले. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. पुढील तीन वर्षे तुरुंगात गेली. १९४६ साली ते सुटले.

या प्रसंगास वीररसाने पुष्कळ रंगविण्यात आले आहे, आणि तो त्या रंगास पात्रही आहे. आम्हांस मात्र त्यातील एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. उडी मारणाऱ्यांत जो वाचला त्याने उर्वरित आयुष्यात त्या उडीचे भांडवल फारसे केले नाही. नाना पाटील अखेरपर्यंत बंडाच्या वाटेनेच चालत राहिले. शेतकरी कामगार पक्षात ते गेले, त्यातून बाहेर पडून कम्युनिस्ट पक्षात गेले, १९५७ साली साताऱ्याकडून व १९६७ साली बीडकडून लोकसभेवर निवडून आले. १९७६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या मागे कारखाना नव्हता, बँक नव्हती, शाळांचे जाळे नव्हते. वसंतदादांनी काँग्रेस सोडली नाही व १९४६ नंतर हाती बंदूकही धरली नाही. १९५२ साली ते सांगलीतून विधानसभेवर गेले, आणि मंत्रिपदाच्या मागे न लागता गावी परतून उसाच्या हिशेबात गढून गेले. दोघेही शेतकरी, दोघेही एकाच खोऱ्यातील, दोघांचीही निष्ठा निःसंशय. एकाने शेतकऱ्याचा राग राजकारणात आणला, दुसऱ्याने शेतकऱ्याचा हिशेब आणला. लोकांनी पहिल्यास ‘क्रांतिसिंह’ म्हटले व दुसऱ्यास ‘दादा’.

हा हिशेब काय होता, हे ऊस न लावणाऱ्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण दक्षिण महाराष्ट्राचे सारे राजकारण त्या एका पिकाच्या स्वभावातून निघाले आहे.

सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. हरिपूरच्या बाजूस जमिनीत खोल पेवे करून त्यांत हळद साठवीत. भाव पडला तर पेव बंद ठेवावे, चढला की उघडावे. हळद वर्षानुवर्षे टिकते व मालक पेठेकडे पाहत स्वस्थ बसू शकतो. उसाचे तसे नाही. तोडलेल्या उसातील गोडी तासातासाने उतरते; तो दिवसा-दोन दिवसांत घाण्याला लागला नाही तर शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत वाळू लागते. म्हणजे हळदवाला सौदा नाकारू शकतो, ऊसवाला नाही. आमच्या कोल्हापुरात यावर गुऱ्हाळाचा तोडगा होता. आपल्याच रानात चरक मांडावा, चुलवाणावर काहिली चढवावी, गुळव्याच्या हाती ती सोपवावी आणि गुळाच्या ढेपा गाडीत घालून शाहूपुरीच्या पेठेत आणाव्या. ही शाहूपुरी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविली व गुळाचा मोठा व्यापार तेथे आणला. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले तेही त्यांनीच. म्हणून कोल्हापूरच्या शेतकऱ्यास पाणी व पेठ दोन्ही गोष्टी राजाने दिल्या असे म्हणता येते. परंतु पेठेत भाव ठरविणारा अडत्या. आणि उचल आधीच घेतलेली असल्यामुळे त्यापुढे शेतकऱ्याचे तोंड उघडत नसे. जेथे साखरेचा खासगी कारखाना होता तेथे अडत्याच्या जागी मालक आला, एवढाच फरक. ऊस कारखान्याच्या फाटकाशी उभा आहे, वाळतो आहे आणि भाव आतला मनुष्य सांगणार आहे, ही ती स्थिती.

यातून वाट काढली ती नगर जिल्ह्यातील लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, शेतकऱ्यांनी शेअर घेतले, आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास गाळपास लागला. ज्याचा ऊस त्याचाच कारखाना, ही कल्पना आज इतकी सरावाची झाली आहे की तिच्यातील धाडस आपणांस जाणवत नाही. शंभर रुपये रोख कधी एकत्र न पाहिलेल्या मनुष्याने यंत्रसामग्रीसाठी पैसा द्यावा आणि तो कोणाच्या भरवशावर? तर आपल्याच शेजारच्या गावच्या एका पुढाऱ्याच्या. सहकाराचे तत्त्वज्ञान पुस्तकांत काहीही असो, शेतकऱ्याच्या बाजूने तो एका माणसावर टाकलेला विश्वास होता. सांगलीत तो विश्वास वसंतदादांवर टाकला गेला. शेतकरी सहकारी साखर कारखाना त्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला व वाढत वाढत देशातील मोठ्या सहकारी कारखान्यांत गणला जाऊ लागला. वसंतदादा सभासद गोळा करण्यास पायी फिरले, पारावर बसले, भावकीची भांडणे मिटविली. तुरुंगाचा तट चढून गेलेल्या माणसास आता प्रत्येक घराचा उंबरा चढावा लागला, आणि आमच्या मते हे दुसरे काम अधिक चिकाटीचे होते.

कारखान्याबरोबर पाणी आले. किंबहुना पाण्यावाचून कारखाना हा घाणा निरर्थक. कृष्णेचे पाणी खाली वाहते, रान वर. नदीवर पंप बसवून नळांनी पाणी उंचावर न्यावयाचे व लाभधारकांत पाळीने वाटावयाचे, अशा उपसा योजनांच्या सहकारी संस्था सांगलीच्या भागात निघाल्या. ज्यांनी सामाईक विहिरीवर दिवस काढले आहेत त्यांस यातील मर्म कळेल. सामाईक विहिरीवर चार भाऊबंदांच्या पाळ्या असतात. कोणाची रात्रीची, कोणाची दिवसाची. तेथे न्याय म्हणजे तत्त्व नव्हे, पाळी चुकू न देणे. ज्याची पाळी बुडाली त्यास पुढील खेपेस दोन घटका अधिक देऊन समेट करावयाचा, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याच पंगतीस जेवावयास बसावयाचे. वसंतदादांचे राजकारण हे सामाईक विहिरीचे राजकारण होते, असे आमचे मत झाले आहे. कोणासही कायमचे शत्रू मानावयाचे नाही. कोणाची पाळी कधी, एवढे मात्र नीट लक्षात ठेवावयाचे. प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांजकडे आले तेव्हा तिकिटांचे वाटप त्यांनी याच रीतीने केले असे त्यांचे विरोधकही म्हणत. फक्त ते हे दोष म्हणून सांगत.

या रीतीचा दोषही मोठाच आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. सामाईक विहिरीवर ज्याचा हिस्सा आहे त्याचीच पाळी असते. ज्याचा हिस्सा नाही त्याने काठावर उभे राहून पाहावे. सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग उसाने हिरवा झाला, तेव्हा त्याच जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठे महांकाळ हे तालुके पाण्याच्या घागरीसाठी मैलोगणती चालत होते. कारखान्याच्या वार्षिक सभेत ज्यास हात वर करता येतो तो सभासद. परंतु त्या सभासदाचा ऊस ज्याच्या कोयत्याने तोडला जातो तो बीडकडून, अथवा आपल्याच जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला मजूर. तो कारखान्याच्या आवारात पालाच्या खोपीत राहतो, पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहतो आणि हंगाम संपता जातो. त्याचा शेअर नाही, त्याची पाळी नाही. सहकाराने अडत्यास हटविले हे खरे, परंतु विहिरीचा काठ रुंद केला नाही. हा दोष एकट्या वसंतदादांचा नव्हे, त्या साऱ्या पिढीचा आहे. परंतु त्या पिढीत शेतकऱ्याचे दुःख ज्यास सर्वांत अधिक कळे, त्याच्याकडून अपेक्षाही अधिक असावी, म्हणून येथे नोंदविला.

वारणेवरील धरणाचा वाद या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो. धरण खुजगावास बांधावे की वर चांदोलीस, असा तो वाद. खुजगावचा आग्रह कासेगावच्या राजारामबापू पाटलांचा. ते शिकलेले वकील, राज्याचे मंत्री राहिलेले, वाळव्याच्या बाजूचे मातबर पुढारी. धरण तेथे झाले तर पाणी अधिक साठेल व ते दूरच्या कोरड्या तालुक्यांपर्यंत नेता येईल, असे त्यांचे म्हणणे. वसंतदादांचा कल चांदोलीकडे. खुजगावास धरण झाले असते तर अधिक गावे व अधिक पिकती जमीन पाण्याखाली गेली असती, ही त्या बाजूची बळकट गोष्ट. अनेक वर्षे जिल्ह्याचे राजकारण या दोन नावांनी दुभंगले. सोयरिकीसुद्धा खुजगाव-चांदोली पाहून होत असे म्हणतात, व ते अगदीच खोटे नसावे. अखेर धरण चांदोलीस झाले. १९८४ साली राजारामबापू वारले. या वादात कोण बरोबर होता याचा निकाल देण्यास आम्ही इंजिनियर नव्हे. परंतु दोन शेतकरी जमावांत पाण्यासाठी भांडण लागले असता, ज्याची जमीन आज बुडावयाची आहे त्याची हाक वसंतदादांस आधी ऐकू आली, आणि ज्यास पाणी पुढे कधीतरी मिळावयाचे आहे त्याची मागाहून, एवढे दिसते. शेतकरी स्वभावतः असाच असतो. हातचे बी तो पेरतो, पण हातचे रान बुडू देत नाही. पुढे ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा योजना दुष्काळी भागासाठी हाती घेण्यात आल्या, व त्यांचे पाणी त्या रानांत पोहोचावयास आणखी एक पिढी जावी लागली.

वसंतदादा मंत्री झाले ते १९७२ साली, वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात. खाते पाटबंधाऱ्याचे. आमदार होऊन वीस वर्षे लोटल्यावर! ज्यांस आज पहिल्या निवडणुकीतच लाल दिव्याचे वेध लागतात त्यांनी या विलंबाचा विचार करावा. वर्षही विलक्षण होते. महाराष्ट्रावर तो मोठा दुष्काळ कोसळला होता. पुढे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले व वसंतदादांस मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले. त्यांनी राजकारणसंन्यास जाहीर केला. शेतकऱ्याचा संन्यास तो. मृगाचा पाऊस पडताच संपावयाचा. आणीबाणीनंतर १९७७ साली काँग्रेसचा दिल्लीत पराभव झाला, चव्हाणांस जावे लागले आणि वसंतदादा मुख्यमंत्री झाले.

या पहिल्या कारकिर्दीच्या नशिबी दोन संकटे आली. पहिले म्हणजे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा या मागणीसाठी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला हा संप चोपन्न दिवस चालला. वसंतदादा वाकले नाहीत. या ताठरपणाबद्दल त्यांस दोष देण्यात आला व तो काही अंशी योग्यही होता. कारण ज्या कारकुनाचा पगार महागाईने निम्मा होतो त्याचे दुःख खोटे नव्हते. परंतु पावसावर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, ज्यास भत्ता हा शब्द ठाऊक नाही, अशा मनुष्याच्या घरून आलेल्या मुख्यमंत्र्यास दरमहा ठराविक तारखेस मिळणाऱ्या वेतनाविषयीची तक्रार कशी वाटली असेल, याचीही कल्पना करावी. सामाईक विहिरीच्या हिशेबात मासिक पगाराचे खाते नसते. येथे त्यांचा शेतकरीपणा त्यांच्या आड आला असे आम्ही म्हणतो.

दुसरे संकट पक्षातून आले. १९७८ च्या निवडणुकीच्या आधी काँग्रेस दुभंगली होती. निकालानंतर दोन्ही काँग्रेसांनी मिळून सरकार केले. वसंतदादा मुख्यमंत्री व इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. हे जू दोन बैलांच्या मानेवर नीट बसलेच नाही. एक पूर्वेस ओढी, दुसरा पश्चिमेस. जुलै महिन्यात शरद पवार आपल्या बाजूच्या आमदारांसह बाहेर पडले, सरकार कोसळले व पवार मुख्यमंत्री झाले. सहकार खाते गेले आमच्या एन. डी. पाटलांकडे. त्या दिवशी गांधी मैदानाच्या आसपास पेढे वाटले गेले असल्यास नवल नाही. या घटनेची चर्चा गेली कित्येक वर्षे विश्वासघात की मुत्सद्देगिरी, या एकाच अंगाने चालत आली आहे. आम्हांस त्यात दुसरेच दिसते. विहिरीवरील हिस्सेदार रात्रीत मोट सोडून दुसऱ्या विहिरीवर जाईल, हे गृहीत धरून पाळ्या लावता येत नाहीत. वसंतदादांचे सारे राजकारण ज्या परस्परविश्वासावर उभे होते, त्यास विधिमंडळातील मोजणीपुढे किंमत नाही, हे त्यांस तेव्हा कळले. कळल्यावरही त्यांनी आपली रीत फारशी बदलली नाही. ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, १९८० साली सांगलीतून लोकसभेवर निवडून आले, आणि १९८३ च्या फेब्रुवारीत पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या दुसऱ्या कारकिर्दीतील एका निर्णयाचे फळ आज घरोघर आहे. महाराष्ट्रातील मुले अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी कर्नाटकात जात, तेथे देणगीच्या नावाने पैसे मोजीत. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी महाविद्यालये काढावयास मोकळीक दिली. सांगलीनजीक बुधगावासही त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. सातवी शिकलेल्या शेतकऱ्याने खेड्यांतील मुलांसाठी इंजिनियरीची दारे उघडली, ही गोष्ट साधी नव्हे. आमच्याच पेठेतील, म्हशी पाळणाऱ्यांच्या घरचे मुलगे त्या दारातून जाऊन परदेशी पोहोचले आहेत. परंतु येथेही विहिरीचाच न्याय लागला. ज्याने फी भरली त्याची पाळी. महाविद्यालये निघाली ती पुष्कळ ठिकाणी कारखान्याच्या आवारालगत, कारखान्याच्याच पुढाऱ्यांच्या हाती. आणि उसाच्या बिलातून जी वर्गणी कापली जाई तीतून शिक्षणाचे दुसरे एक साम्राज्य उभे राहिले. उसाचे पैसे ज्याच्या घरी येत नाहीत त्याच्या मुलास ते दार तेवढेच जड राहिले. हे सर्व वसंतदादांस दिसले नसेल असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान होय. दिसले असावे, पण शेजाऱ्यास फावडे दिल्यावर तो त्याने कोणाचा बांध कोरतो हे पाहत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१९८५ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपद त्यांजकडेच राहिले, परंतु प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक दिल्लीने त्यांच्या मनाविरुद्ध केल्यावर जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात त्यांस राजस्थानचे राज्यपाल करून जयपुरास पाठविण्यात आले. राजभवनाच्या हिरवळीवर कृष्णेकाठच्या माणसाने काय करावे? दोन वर्षे पुरी होण्याआधीच, १९८७ साली, ते पद सोडून परत आले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. मांजरीच्या साखर संशोधन संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले, सांगलीच्या कारखान्यासही.

तो कारखाना पुढे कर्जाच्या ओझ्याखाली आला. देणी थकली, गाळप अडखळू लागले आणि अखेर २०१७ साली तो एका खासगी कंपनीस भाड्याने चालवावयास देण्यात आला. ज्या शेतकऱ्यांच्या वडिलांनी पारावर बसून, दादांच्या शब्दावर, शेअरचा पैसा दिला होता त्यांचा ऊस आता पुन्हा फाटकाशी उभा राहतो व भाव आतला मनुष्य सांगतो. फरक इतकाच की शेतकऱ्यांच्या संघटना झाल्या आहेत, रस्ते अडविले जातात, आणि केंद्र सरकारने ठरविलेल्या दराखाली जाण्याची कोणास सोय नाही. आमच्या शिवाजी पेठेत या भाड्याच्या कराराची बातमी आली तेव्हा कट्ट्यावरील मंडळींत दोन तट पडले. एकांचे म्हणणे, सहकार बुडाला तो दादांच्या मागून आलेल्यांनी बुडविला. दुसऱ्यांचे म्हणणे, एका माणसाच्या भरवशावर उभे केलेले काम त्या माणसाबरोबरच जावयाचे. वाद रात्री उशिरापर्यंत चालला. त्यांतील एकासही स्वतःचा ऊस उरलेला नव्हता. रंकाळ्यापलीकडील रानांवर केव्हाच घरे झाली होती.

सांगलीस गेलो असता आम्ही गणेशदुर्गाचा खंदक पाहून तेथून कृष्णेवर गेलो. नदीकाठी वसंतदादांची समाधी आहे. २४ जुलै १९४३ रोजी, खंदकातून वर निघालेले ते तरुण याच नदीच्या दिशेने धावले होते, आणि वाट तशी फार लांबची नाही. आम्हांस ती उन्हात, सावकाश, मधून मधून थांबतही चालता आली.